पाटी एकाची, इमारत दुसऱ्याची

मुंबईत नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून उभा असलेला उंच टॉवर १९७३ साली ओबेरॉय शेरेटन म्हणून सुरू झाला. मग त्याचं ओबेरॉय टॉवर्स झालं. २००४ मध्ये हिल्टनशी करार झाला आणि पाटी लागली हिल्टन टॉवर्सची. २००८ मध्ये तो करार संपला, तेव्हापासून ट्रायडेंट. नावं चार झाली, मालक मात्र पहिल्यापासून ईआयएच, म्हणजे ओबेरॉयच. खोलीतून दिसणारा समुद्रही तोच.

देशी आणि विदेशी हॉटेल साखळ्यांच्या स्पर्धेबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर पाहुणा असतो: तो ताजला उतरणार की मॅरियटला? ही चढाओढ आहेच, पण खरी लढाई तिच्या बरीच आधी लढली जाते. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या बिल्डरच्या कार्यालयात ती होते. त्याच्याकडे महामार्गालगत दोन एकर जमीन असते आणि समोर चार कंपन्यांची माणसं आपापली प्रेझेंटेशन्स घेऊन बसलेली असतात. या चौघांना इमारत बांधायची नसते, कर्ज काढायचं नसतं. त्यांना त्या इमारतीवर आपली पाटी हवी असते आणि पाटीचं भाडं हवं असतं.

मॅरियटने १९९३ मध्येच आपली कंपनी दोन भागांत तोडली. इमारती होस्ट मॅरियटकडे गेल्या, नाव आणि कारभार मॅरियट इंटरनॅशनलकडे राहिला. हिल्टननेही २०१७ मध्ये हाच मार्ग धरला. त्यामुळे १९९९ मध्ये गोव्याला पहिलं मॅरियट आलं तेव्हा किंवा नंतर पुण्या-मुंबईत त्यांची रांग लागली तेव्हाही जमीन, सिमेंट आणि कर्ज बहुतेक ठिकाणी इथल्याच माणसांचं होतं. सेनापती बापट रस्त्यावरचं जेडब्ल्यू मॅरियट पुण्याच्याच पंचशील या बिल्डर कंपनीने उभं केलं. ते आता ज्या व्हेंटिव्ह कंपनीत आहे तिच्यात ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीचीही भागीदारी आहे. उलट लीला हे अस्सल देशी नाव, कॅप्टन कृष्णन नायर यांनी वाढवलेलं. त्या नावासह बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि उदयपूरची हॉटेलं २०१९ मध्ये कॅनडाच्या ब्रुकफिल्डने ३,९५० कोटींना घेतली. देशी कोण आणि विदेशी कोण हे पाटी वाचून ठरवायला गेलं तर अर्ध्या वेळा उत्तर चुकेल.

आपल्या मोठ्या साखळ्यांचा प्रवास बरोबर उलट दिशेने झाला. १९०३ मध्ये अपोलो बंदरावर ताज उभं राहिलं ते दगडातून. मालकीचं हॉटेल, मालकीचा कारभार हीच इथली रीत होती. आयटीसीने १९७५ मध्ये चेन्नईत सुरुवात केली तीही इमारत हातात घेऊन. या रीतीत हॉटेल उत्तम चालतं, पण संख्या वाढत नाही, कारण प्रत्येक नव्या दाराला शेकडो कोटी लागतात. २०१८ मध्ये ताजची कंपनी इंडियन हॉटेल्सने जाहीरच करून टाकलं की यापुढे निम्मी हॉटेलं स्वतःची किंवा लीजवरची आणि निम्मी दुसऱ्यांच्या इमारतींतली असतील. विवांता, सिलेक्शन्स, गेटवे, जिंजर अशा पाट्यांची उतरंड त्याच गरजेतून लागली. थोडक्यात, आपलेही आता पाटी भाड्याने द्यायला बाहेर पडले आहेत, आणि म्हणून बिल्डरच्या त्या टेबलापाशी गर्दी झाली आहे.

हे भाडं किती असतं, ते आकड्यांत मांडल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. उदाहरणादाखल मध्यम दर्जाचं, १०० खोल्यांचं हॉटेल घेऊ. वर्षाला ३६,५०० खोली-रात्री विकायला असतात. ६५ टक्के भरल्या तर २३,७२५. सरासरी दर, ज्याला धंद्यात एआरआर म्हणतात, ५,००० रुपये धरला तर खोल्यांचं उत्पन्न ११.८६ कोटी होतं. रेस्टॉरंट, बँक्वेट आणि किरकोळ मिळून आणखी ८ कोटींच्या थोडं वर, म्हणजे एकूण २० कोटी. चालवण्याचा खर्च जाऊन ३६ टक्के उरले तर ७.२ कोटी. या आकड्याला जीओपी म्हणतात आणि सगळी भांडणं याच्या खालच्या ओळींवर होतात.

आता पाटीवाल्याचा हिशेब. मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे नावही त्यांचं आणि कारभारही त्यांचा, मूळ फी एकूण उत्पन्नाच्या दोन ते तीन टक्के असते. अडीच धरली तर ५० लाख. जीओपीवर सहा-आठ टक्के प्रोत्साहन फी, म्हणजे आणखी साधारण ५० लाख. मार्केटिंग आणि रिझर्व्हेशनसाठी खोल्यांच्या उत्पन्नाच्या दोन टक्के, २४ लाख. वारंवार येणाऱ्यांना पॉइंट देणाऱ्या सदस्यता योजनेतले पाहुणे खोल्यांचं ३० टक्के उत्पन्न देत असतील तर त्यावर साडेचार टक्के, १६ लाख. बेरीज १ कोटी ४० लाख. विकल्या गेलेल्या प्रत्येक रात्रीमागे सुमारे ५९० रुपये पाटीसाठी जातात. फ्रँचायझी घेतली, म्हणजे नाव त्यांचं आणि कारभार आपला, तर मांडणी बदलते. तिथे खोल्यांच्या उत्पन्नावर चार ते सहा टक्के रॉयल्टी असते, वर मार्केटिंग आणि सदस्यतेचे पैसे वेगळे.

त्यात सप्टेंबर २०२५ पासून एक नवी मेख बसली आहे. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पाहुण्याला आनंद झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे हॉटेलने स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय, गेलं. पाटीच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो आता या वर्गातल्या हॉटेलला परत मिळत नाही. वरच्या उदाहरणात ते २५ लाख होतात, आणि रात्रीमागचा ५९०चा आकडा ७०० च्या जवळ जातो. लाँड्री, सुरक्षा, देखभालीचे करार यांवरचा कर वेगळाच. ताजमहाल पॅलेससारख्या महागड्या हॉटेलला याचा फटका नाही, कारण तिथे १८ टक्के आणि क्रेडिट दोन्ही कायम आहे. मार बसतो तो नेमका नाशिक-नागपूरच्या मधल्या वर्गाला, जिथे सगळ्या साखळ्या आता वाढायला निघाल्या आहेत.

उरलेला हिशेबही करून टाकू. यांतले मार्केटिंगचे आणि सदस्यतेचे पैसे जीओपीच्या आधीच वजा झालेले असतात, म्हणून ७.२ कोटींतून फक्त दोन फी, एक कोटी, काढायच्या. मालमत्ता कर आणि विमा ४० लाख. फर्निचर-गाद्या-लिफ्ट बदलण्यासाठी राखून ठेवायचे चार टक्के, ८० लाख. उरले पाच कोटी. जमीन सोडून खोलीमागे ५० लाख लागले असतील तर प्रकल्प ५० कोटींचा, त्यात कर्ज ३०. दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज तीन कोटी, आणि बारा वर्षांत फेडायचं तर मुद्दल अडीच कोटी. फीवरचा न परतणारा जीएसटी न धरताही मालक वर्षाअखेरीला खिशातून ५० लाख घालतो, आणि हे ६५ टक्के भरलेल्या हॉटेलात. नव्या हॉटेलला त्या पातळीवर यायला साधारण तीन वर्षं लागतात. म्हणूनच जाणकार मालक पाटी निवडताना एकच प्रश्न धरून बसतो: हे नाव मला रात्रीमागे सातशे रुपये जास्त मिळवून देईल का, किंवा तेवढ्याच किमतीचे जास्तीचे पाहुणे आणील का?

उत्तर गावावर अवलंबून आहे. विदेशी साखळीचं खरं भांडवल म्हणजे तिची सदस्यता योजना आणि मोठ्या कंपन्यांशी असलेले जागतिक करार. मॅरियट बॉनव्हॉय, हिल्टन ऑनर्स यांचे सदस्य वीस-वीस कोटींच्या वर आहेत. चाकणच्या कारखान्यात दोन महिने राहायला आलेला जर्मन इंजिनिअर हॉटेल निवडतच नाही. त्याच्या कंपनीच्या प्रवास-यंत्रणेत जी नावं असतात त्यांतलं एक तो दाबतो. ही नावं आणि त्यांचे दर वर्षाअखेरीला, सप्टेंबर ते डिसेंबरच्या बोलणीत ठरतात. त्या यादीत नाव नसेल तर लॉबीत कितीही सुंदर झुंबर लावा, फरक पडत नाही. शिवाय सदस्य थेट बुकिंग करतो, त्यामुळे ऑनलाइन पोर्टलला जाणारं पंधरा-वीस टक्के कमिशन वाचतं. २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेबरोबर मॅरियटचं क्रेडिट कार्ड आलं ते याचसाठी. किराणा भरताना मिळालेले पॉइंट इंदापूरच्या माणसालाही गोव्याच्या खोलीपर्यंत घेऊन जातात.

पण सांगली, जळगाव, लातूरला जर्मन इंजिनिअर किती येणार? तिथे हॉटेल जगतं ते लग्नावर, साखरपुड्यावर, डॉक्टरांच्या परिषदेवर आणि विमा कंपनीच्या सत्कार-सोहळ्यावर. बँक्वेटमध्ये जेवणाऱ्यांचा आकडा आधी ठाऊक असतो, पदार्थ ठरलेले असतात, नासाडी कमी होते. म्हणून तिथला नफा रेस्टॉरंटपेक्षा कितीतरी चांगला. ही नस देशी साखळ्यांना आधीपासून ठाऊक होती. कोल्हापुरात सयाजी उभं राहिलं ते या गणितावर. विदेशी कंपन्यांची सुरुवातीची मानकं परदेशी व्यापारी पाहुणा समोर ठेवून लिहिलेली होती: लहान सभागृह, मोठी जिम, दिवसभर चालणारं एक रेस्टॉरंट. नंतर त्यांनाही अक्कल आली. ‘शादी बाय मॅरियट’ ही योजना म्हणजे त्या शहाणपणाची कबुलीच. ताजची ‘टाइमलेस वेडिंग्ज’ समोर आहेच.

लग्नाचं हॉटेल बांधणं हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्यात होणाऱ्या चुका दर वेळी त्याच असतात. सहाशे माणसांच्या बुफेला माणशी पंधरा चौरस फूट धरले तर नऊ हजार चौरस फुटांचा, मध्ये एकही खांब नसलेला हॉल लागतो. छत पंधरा फुटांपेक्षा खाली आलं की स्टेज आणि रोषणाई गुदमरते. अठरा-वीस फूट असेल तर उत्तम. आचाऱ्याचं स्वयंपाकघर त्याच मजल्यावर हवं. ते तळघरात आणि हॉल दुसऱ्या मजल्यावर असेल, त्यात सामानाची लिफ्ट एकच असेल, तर पहिल्या पंगतीला गरम पुरी आणि तिसरीला चामडं असं होणार. जैन जेवणाची चूल, भांडी आणि शक्यतो ओटाही वेगळा लागतो. नकाशात तो नसेल तर ऐन हंगामात मांडव घालून व्यवस्था करावी लागते. वरातीला वेगळं प्रवेशद्वार नसेल तर ढोल-ताशा थेट चेक-इन काउंटरवर येतो, आणि हॉलच्या बरोबर वर खोल्या असतील तर संगीताच्या रात्री रिफंड देत बसावं लागतं. एवढं सगळं साधलं तरी चातुर्मासात आणि पितृपंधरवड्यात हॉल ओस पडतो. म्हणून निव्वळ मुहूर्तांवर उभं केलेलं हॉटेल कर्जाच्या हप्त्याला पुरत नाही. त्याला आठवड्याच्या मधल्या दिवसांचा कंपनी-पाहुणाही लागतो, आणि इथे पुन्हा पाटीचा प्रश्न येतो.

सगळ्यांत महाग चूक मात्र याहून प्राथमिक आहे: आधी इमारत बांधायची आणि मग ब्रँड शोधायला निघायचं. महाराष्ट्रातल्या मधल्या शहरांत हे सर्रास दिसतं, कारण बहुतेक मालक मुळात निवासी इमारती बांधणारे असतात. हॉटेलची खोली चार मीटरच्या आसपास रुंद, म्हणून खांबांमधलं अंतर आठ-साडेआठ मीटर ठेवलं की दोन खांबांत दोन खोल्या नेमक्या बसतात. फ्लॅटच्या हिशेबाने ठेवलेले खांब बाथरूमच्या मध्ये नाहीतर पलंगाच्या उशाशी येतात. न्हाणीघरांचे शाफ्ट एकाखाली एक नसतील तर गळती सुरू झाल्यावर खालची खोली बंद ठेवावी लागते. कर्मचाऱ्यांचे लॉकर, त्यांचं जेवणघर, लाँड्री, भांडार या पडद्यामागच्या जागांना बिल्डर ‘न विकली जाणारी जागा’ म्हणून कात्री लावतो. नंतर ताग्यासारख्या गुंडाळलेल्या चादरी पाहुण्यांच्या लिफ्टमधून जाताना दिसतात. आग विझवण्याच्या बाबतीत मोठ्या साखळ्या स्थानिक नियमांच्याही पुढे जातात: आपोआप बंद होणारे अग्निरोधक दरवाजे, प्रत्येक खोलीत स्प्रिंकलर, दोन वेगळे जिने. तयार इमारतीत हे बसवायचं म्हणजे छतं फोडायची. देशी मधल्या साखळ्या इथे लवचीक असतात, जुनी इमारत थोड्या सुधारणांवर घेतात आणि सहा-नऊ महिन्यांत पाटी लावतात. ही लवचीकता हे त्यांचं बळ. आगीच्या बाबतीत ती दाखवली जाते तेव्हा मात्र मला ते बळ वाटत नाही.

करार वाचताना मालक फीच्या टक्क्यांवर रात्री जागवतो आणि अर्धा टक्का कमी करून खूश होतो. खरे खिळे दुसरीकडे असतात. करार पंधरा-वीस वर्षांचा असतो. सोयरीक जुळवतानाही एवढ्या वर्षांचा विचार कोणी करत नाही. पहिलं कलम बघायचं ते संरक्षित क्षेत्राचं. एकट्या मॅरियटकडे तीसहून जास्त ब्रँड आहेत. करारात ‘कोर्टयार्ड या नावाचं दुसरं हॉटेल पाच किलोमीटरमध्ये देणार नाही’ एवढंच लिहिलं असेल, तर समोरच्या कोपऱ्यावर त्याच कंपनीचं फेअरफील्ड उभं राहू शकतं आणि त्याच सदस्यांना तीच पॉइंट-योजना कमी दरात विकू शकतं. देशी साखळ्यांतही हाच धोका आहे, विवांता आणि जिंजर एकाच गावात असू शकतात. दुसरं कलम कामगिरीच्या कसोटीचं. सहसा दोन अटी असतात: जीओपी अंदाजपत्रकाच्या ८५ टक्क्यांखाली जाणं, आणि खोलीमागचं उत्पन्न आसपासच्या स्पर्धक हॉटेलांच्या तुलनेत ठरलेल्या प्रमाणापेक्षा घसरणं. या दोन अटींमध्ये ‘आणि’ आहे की ‘किंवा’, यावर मालक बाहेर पडू शकेल की नाही हे ठरतं. बहुतेक मसुद्यांत ‘आणि’ असतं, वर ‘सलग दोन वर्षं’ आणि तरीही कंपनी तुटीची रक्कम भरून करार वाचवू शकते. तिसरं, की मनी, म्हणजे सही करताना कंपनीने मालकाला दिलेली रक्कम. ती बोनस समजून खर्च करणाऱ्याला करार मोडताना उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात परत करावी लागते.

मालक आणि कारभारी वेगळे असले की काय होतं, हे मुंबईने जून २०२१ मध्ये पाहिलं. विमानतळाजवळचं हयात रिजन्सी एका पत्राने बंद झालं. मालक कंपनीकडून पगारासाठी पैसे येत नाहीत, असं व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांना कळवलं. पाटी जगप्रसिद्ध, पण जनरल मॅनेजरपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा पगार मालकाच्या खात्यातून जातो, ही गोष्ट तोपर्यंत बाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक होती. मालकीची इमारत असलेल्या जुन्या देशी हॉटेलांनी कोरोनाचा तो काळ काढला तो हळूहळू, पोटाला चिमटा काढून. तिथे अपयश ढकलायला दुसरं कोणी नव्हतं.

आता चित्र आणखी गुंतलं आहे. सरोवर ही देशी साखळी २०१७ मध्ये फ्रान्सच्या लूव्र हॉटेल्सने घेतली, आणि लूव्र चीनच्या जिन जियांगची. आयटीसीची मोठी हॉटेलं मॅरियटच्या लक्झरी कलेक्शनमध्ये दिसतात, त्यामुळे चोला घराण्याच्या नावाने सजलेल्या चेन्नईच्या खोलीत बॉनव्हॉयचे पॉइंट चालतात. २०२५ मध्ये मॅरियटने ‘सिरीज बाय मॅरियट’ हा नवा ब्रँड आणला तो भारतातच, मुंबईच्या फर्न साखळीला बरोबर घेऊन. फर्नची पाटी राहिली, खाली मॅरियटचं नाव आलं, आणि मॅरियटने फर्नच्या कंपनीत थोडा हिस्साही घेतला. त्याच वर्षी फ्रान्सची अकॉर आणि इंडिगो विमानांमागची इंटरग्लोब मिळून ट्रीबो या स्वस्त हॉटेलांच्या देशी साखळीचे सर्वांत मोठे भागधारक होणार असल्याचं जाहीर झालं. याचा अर्थ विदेशी कंपन्यांना एक गोष्ट कळली आहे: तीस-चाळीस खोल्यांच्या, मालकाच्या भावाने रिसेप्शन सांभाळलेल्या हॉटेलांच्या देशात त्यांची जाड नियमपुस्तकं घेऊन दारोदार फिरता येणार नाही. ते काम आधीच करणाऱ्याला सोबत घेणं स्वस्त. याला कोणी देशी साखळीचा पराभव म्हणेल. मला ते तिच्या कौशल्याला मिळालेली किंमत वाटते, फक्त ती किंमत पुरेशी होती का, हे सदस्यांची यादी कोणाकडे राहते यावर ठरेल.

कारण करार संपतो तेव्हा यादी पाटीबरोबर जाते. चादरी, गाद्या, खोल्या मालकाच्या राहतात. कोण पाहुणा कितीदा आला, कोणत्या दराला, कोणती कंपनी कोणत्या महिन्यात किती खोल्या घेते, हे कंपनीच्या संगणकात असतं आणि मालकाला त्याची प्रत मिळेल असं लिहून घेतलेलं नसेल तर नवं नाव शून्यापासून सुरू होतं. हे ओळखून मोठे मालक आता स्वतःच पाटी रंगवू लागले आहेत. चॅलेट हॉटेल्स, जिची पवई, सहार आणि वाशीची हॉटेलं मॅरियटच्या वेगवेगळ्या नावांनी चालतात, तिने खंडाळ्याचं ड्यूक्स रिट्रीट घेतलं आणि २०२५ मध्ये त्यावर अथिवा हा स्वतःचा ब्रँड लावला. खंडाळ्याला हे जमू शकतं, कारण तिथे येणारा शनिवार-रविवारचा पाहुणा मुंबई-पुण्याहून गाडीने येतो, त्याला जागतिक यादीतून आणावं लागत नाही. सहारला विमानातून उतरणाऱ्यासाठी मात्र चॅलेटनेही जेडब्ल्यूची पाटी काढलेली नाही.